नांगर परत पाठवला आहे

प्रिय भिंगरी (आज नेहमीपेक्षा अंमळ कमी प्रिय, पण प्रियच),

नाही.

पत्राची सुरुवात अशी करू नये, हे मलाही कळतं. आधी खुशाली विचारावी, हवापाणी सांगावं, मग हळूच मुद्द्याला हात घालावा. पण तुला लहानपणापासून लांबण लावलेलं खपत नाही, म्हणून उत्तर आधी देऊन टाकतो आणि मग सवडीनं बोलतो. तू आखलेलं आईचं स्मृतिवन घरामागच्या या जमिनीवर होणार नाही. एकही खड्डा नाही, एकही रोप नाही, फाटकावर आईच्या फोटोची ती हिरवी पाटीसुद्धा नाही. ट्रॅक्टर मी नांगरासकट परत पाठवला आहे. तुझ्या मुकादमानं तुला "म्हातारा आडवा पडला" असं कळवलं असेल. साफ खोटं. मी उभा होतो. नंतर गुडघे बोलायला लागले म्हणून बसलो, ती गोष्ट वेगळी.

तू पाठवलेला नकाशा मी फोनवर बोटांनी मोठा करकरून पाहिला. सुरेख आहे. लोकांच्या बागा आखून आखून तुझ्या हाताला जे वळण आलंय, ते त्यात दिसतं. पायवाटेचा बाक, मधोमध बसायला गोल ओटा, कोणत्या झाडाची सावली कुठवर जाईल तेही तू रंगवलंस. तुझ्या ऑफिसातल्या मंडळींनी आईला कधी पाहिलेलंही नसताना एकेक रोप तिच्या नावानं दिलं, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच नकाशात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, 'सध्याची स्थिती: पडीक'. आणि फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तिथं आहे काय, सांग ना! नुसती काळी खपली. आईच्या नावानं काहीतरी जिवंत उभं राहू दे." मी गप्प बसलो आणि तू तो माझा होकार समजलीस. बाई गं, मी गप्प बसलो कारण मला तोंडानं झटपट उत्तर देता येत नाही. जन्मभर अक्षरं एकेक करून उचलायची सवय. तेव्हा आता उचलतो.

तुला आठवतं, मी छापखान्यातून आलो की हात धुऊनही बोटं काळीच असायची आणि तू म्हणायचीस, बाबांची बोटं शाईत पिकलीत. तुझ्यासारख्यांना खिळा म्हणजे कॅलेंडर टांगायचा. आमचे खिळे शिशाचे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. शाळेच्या पुस्तकांतल्या कविता मी अशा उलट्या लावल्या आहेत, इयत्ता पहिलीपासून सातवीपर्यंत, वर्षानुवर्षं. म्हणून तर त्या अजून बोटांत आहेत. पोरांना त्या पाठ करायला लागायच्या, मला न करता झाल्या. नदीची कविता, ढगाची कविता, फुलपाखराची, चांदोबाची, वडाच्या झाडाची. संध्याकाळी एकटाच बसलो की त्या आपोआप येतात, रांगेनं, पोरं मैदानावर येतात तशा. तर कवितेचं पान लावून झालं की आम्ही त्याला चहूबाजूंनी दोरा गुंडाळायचो. साधा पांढरा दोरा. त्याचं टोक कोपऱ्यात खुपसून दिलं की ते पान, ते शेकडो सुटे तुकडे, दोन हातांनी उचलून पार यंत्रापर्यंत नेता यायचं. नवशिके दोरा बांधायला विसरायचे. मग उचलताक्षणी सगळी नदी, सगळे ढग फरशीवर. मालक ओरडायचे, आणि आम्ही गुडघ्यांवर बसून ती कविता केरातून वेचायचो. वेचलेल्या खिळ्यांत एकही अक्षर कमी नसायचं बरं का. कविता मात्र नसायची.

त्याच छापखान्यात तुझी आई पहिल्यांदा आली, संशोधनाची एक पातळशी पुस्तिका छापून घ्यायला. माझ्या खिळ्यांच्या खणांपाशी उभी राहून म्हणाली, "तुम्ही हे उलटं वाचता?" मी म्हटलं, "सुलटं वाचायची सवय मोडलीय." ती हसली. पुस्तिकेच्या पानांवर कसल्याशा गुंतवळ्याची चित्रं होती. मला वाटलं, केसांच्या रोगाबद्दल आहे. तसं विचारल्यावर ती इतकी हसली की मालक केबिनबाहेर आले. मग म्हणाली, रविवारी या, दाखवते. रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून गेलो. मला वाटलं होतं चहा असेल, घरचे असतील. तिनं मला या माळावर आणलं, एका सपाट दगडावर उभं केलं आणि म्हणाली, खाली बघा. खाली काय, काळी, खरबरीत, जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी जमीन. ऊन रणरणत होतं. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीभर त्यावर ओतलं. आणि भिंगरी, माझ्यादेखत, मी "बरं मग?" म्हणेपर्यंत, ते काळं हिरवं झालं. आधी कडेनं, मग मधोमध. मखमलीसारखं फुगून आलं, जणू कोणीतरी आतून कूस बदलली. मी म्हटलं, "ही तर कविता आहे!" ती म्हणाली, "जिवाणू आहेत." आमचं लग्न या एका मतभेदावर उभं राहिलं आणि शेवटपर्यंत टिकलं.

तर तू जिला खपली म्हणतेस, ती काय आहे ते आता नीट ऐक. हे तुला आईनं कधी सांगितलं नाही, कारण ती सांगायला लागली की तिचं व्याख्यान व्हायचं आणि तू उठून जायचीस. मातीचे कण सुटे असतात, माझ्या खिळ्यांसारखे. त्यांच्यामधून एक निळंहिरवं शेवाळ फिरतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांचं. प्रत्येक धाग्याभोवती चिकट खोळ असते. पाऊस पडला की धागे वर सरकतात, सुकायला लागलं की पुन्हा खाली, आणि जाता-येता खोळ मागे टाकतात. त्या खोळीला कण चिकटतात. मग बुरशी येते, दगडफूल येतं, मखमली शेवाळ येतं, आणि सगळी मिळून जमिनीला वरून शिवून टाकतात. मी हे ऐकलं तेव्हा एकच म्हटलं: म्हणजे पानाचा दोरा! आई म्हणाली, "इतकी वर्षं मी परिषदांना जाऊन जे समजावतेय ते या माणसानं दोन शब्दांत आटोपलं, आता मी घरी बसते." बसली मात्र नाही. हा दोरा आहे म्हणून वारा माती उचलून नेत नाही, आणि सरीचं पाणी वाहून न जाता त्या खडबडीत पृष्ठावर अडतं, मुरतं. हेच शेवाळ हवेतलं नत्र पकडून मातीत ठेवतं, म्हणजे ज्या जमिनीला कोणी कधी मूठभर खत घातलं नाही तिला हे खाऊ घालतं. त्याच्या भेगांतून ते चिमुकलं पांढरं फूल येतं, तू जे कानात घालायचीस ते. इथं झाडं नाहीत, कारण इतक्याशा पाण्यावर झाडं जगत नाहीत. जे जगतं ते इथं भरगच्च आहे. आणि तू म्हणतेस, काहीतरी जिवंत उभं राहू दे! तू सगळ्या गावाच्या डोक्यावरून चालत गेलीस आणि विचारतेस, इथं कोणी राहतं का?

हसशील, पण मी त्यावर कविता केली होती. पहिलीच्या पुस्तकात एका पानाखाली जागा उरली होती. मी गुपचूप चार ओळी लावून दिल्या:

पायाखाली गाव झोपले,
दार न त्याला, नाही कडी;
थेंब पडे अन् जागे होई,
हिरवी हिरवी उघडे घडी.

मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईत विचारलं, "हे पिल्लू कोणाचं?" आणि पानाखाली बदकाचं चित्र टाकलं. नदीला कविता, ढगाला कविता, बदकाला तर पानभर जागा. इतकी पुस्तकं माझ्या हातून गेली, पण ज्याच्यावर आपण उभे आहोत त्याला कुणी चार ओळी दिल्या नाहीत. आई म्हणाली, "बरं झालं काढली ती. माझ्या शेवाळाला दार नाही हे खरं, पण कडी नाही कशावरून?" हा तिचा विनोद होता. तिचे विनोद मला नेहमी दुसऱ्या दिवशी कळायचे, हाही अजून कळलेला नाही.

लोक तिला खपलीबाई म्हणायचे, तुला माहीत आहे. तुला त्याची लाज वाटायची, हेही मला माहीत आहे. वर्गात पोरी विचारायच्या, तुझी आई दिवसभर जमिनीवर ओणवी होऊन काय शोधते, काही हरवलंय का? घरातही तिचाच कायदा. मागच्या दारातून बाहेर पडलं की दगडावरूनच चालायचं, मातीला पाय लावायचा नाही. पाहुणे यायचे तर त्यांनाही ती दगडांवरून उड्या मारत न्यायची. एकदा मामांचा तोल गेला तर तिनं आधी जमिनीकडे पाहिलं आणि मग भावाकडे. ते मामा अजून विसरलेले नाहीत, आणि त्याचं उट्टं परवा कसं निघालं ते पुढे सांगतो.

आधी तुझ्या चौथीतल्या स्नेहसंमेलनाबद्दल. तू विषय कधी काढला नाहीस, आम्हीही नाही. तुझी फुलपाखराची कविता होती, मीच लावलेली, म्हणून मी तर छाती फुगवून पहिल्या रांगेत. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. दुपारी अवचित सर आली होती आणि आई घरातून भिंग घेऊन मागच्या दारानं गेली होती, कारण हे गाव वर्षातून मोजक्याच वेळा जागं होतं आणि तेव्हाच त्याची मोजमापं घ्यायची असतात. तू व्यासपीठावर आलीस, खुर्चीकडे पाहिलंस आणि दुसरं कडवं विसरलीस. मी खालून ओठ हलवून सांगत होतो, पण मला ते उलटंच आठवत होतं. आई आली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. तिच्या गुडघ्यांवर चिखल होता. तू घरापर्यंत आमच्या पुढे पुढे चालत आलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जमीन अजून ओली असताना, तू शाळेचे जाड बूट घालून मागच्या दारातून निघालीस आणि दगड सोडून, तिरपी, पाय आपटत आपटत, पार पलीकडच्या कुंपणापर्यंत धावत गेलीस. आई खिडकीत उभी होती. तिनं सगळं पाहिलं. मी तिला पाहताना पाहिलं. ती ओरडली नाही. दुपारी तिनं तुझ्या प्रत्येक पावलाभोवती चार खुंट्या ठोकल्या आणि दोरी बांधली.

तू मला तेव्हा म्हणालीस, "आई माझी चूक जपून ठेवतेय, मोठेपणी दाखवायला." मग तू वसतिगृहात जायचा हट्ट धरलास आणि गेलीस. आता ऐक, तू गेल्यावर काय व्हायचं ते. पाऊस आला की ती सगळ्यात आधी तुझ्या पावलांपाशी जायची. बाकीची जमीन नंतर. मला हाक मारायची, "खिळेवाले, इकडे या, टाचेत हिरवं आलंय!" दुसऱ्या साली, "चवड्यात अजून काही नाही. पोरीनं चवड्यावर जोर दिला होता, रागात होती." असं ती सरळ सांगायची, शास्त्रातली गोष्ट सांगावी तशी. एकदा मी म्हटलं, या पावलांत एवढं काय आहे? तर म्हणाली, "इथं ती चालून गेलीय. बाकी सगळीकडे नुसती जमीन आहे." मी म्हटलं, हे तिला कळव की. तर फणकारली, "कळवलं तर तिला वाटेल मी माफी मागतेय. माफी कशाची? पाऊस काय मी पाडला होता?" तुझा हट्ट कुठून आला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. गेल्या वर्षी, ती जायच्या आधीच्या पावसात, मी तिला खुर्चीसकट दगडांवरून तिथवर नेलं. तुझ्या टाचा आता भरून आल्यात, काळ्या झाल्यात. चवड्यांत कुठे कुठे शेवाळ धरलंय, दगडफुलाचा मात्र पत्ता नाही. तुला पोरं झाली, तुझे केस पांढरे व्हायला लागले आणि चौथीतल्या एका धावण्याची जखम अजून पुरती भरलेली नाही. आता सांग, नांगराची कधी भरेल?

पुस्तकी वाटत असेल तर पलीकडच्या कुंपणाबाहेर बघ. ती जमीन आपल्यासारखीच होती. मोटारसायकलवाल्यांनी तिथं शर्यतीचा आखाडा केला, दोन हंगाम धुरळा उडवला आणि गेले. धुरळा गेला नाही. वारा सुटला की तो उठतो, चटईसारखा, आणि खालच्या वस्तीवर जाऊन पसरतो. खालच्या गल्लीतल्या नर्सबाई सांगत होत्या, पोरं खोकतात, आणि बायकांनी चादरी बाहेर वाळत घालणं सोडलंय. मग साहेबलोक आले, हार घातले, फोटो काढले आणि तिथं रोपं लावली. टँकरनं काही महिने पाणी घातलं. आज तिथं काठ्या उभ्या आहेत आणि खड्डे. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, गढूळ होऊन उतारानं पळतं, माती घेऊन. मी झाडांचा वैरी नाही गं. वडाची कविता लावताना मला सावली लागायची! पण कुणाच्या अंगणात काय उगवावं हे अंगणाला विचारायचं असतं.

आता परवाची हकिगत, माझ्या तोंडून. सकाळी चहा घेत होतो तर मागे घरघर. जाऊन पाहतो तो कुंपणाची तार गुंडाळून ठेवलेली आणि ट्रॅक्टर आत. तुझा मुकादम नम्र माणूस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, धूळ उडेल." मी म्हटलं, "धूळ उडेल म्हणूनच उभा आहे." तो म्हणाला, "ताईंनी सांगितलंय." मी म्हटलं, "ताईंचा बाप नको सांगतोय, आता कोणाचं वय जास्त ते तूच बघ." ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "एवढं काय सोनं पुरलंय ह्या खपलीत?" मी म्हटलं, "सोनं असतं तर तुलाच खणायला लावलं असतं रे." तेवढ्यात नांगराचं एक तास ओढून झालं होतं, घराच्या लांबीएवढा चर. काळ्या कडा वर उलटल्या होत्या आणि मध्ये फिकी, पिठासारखी माती उघडी पडली होती. वारा नव्हता तरी ती हलत होती. मी त्या तासात उतरलो, पुढच्या चाकासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं कविता म्हणायला लागलो. सगळ्या. पहिलीपासून. तिसरीच्या पुस्तकापर्यंत पोचलो तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं. माझ्या आवाजानं त्याचं हृदय पाझरलं वगैरे काही समजू नकोस, त्याच्या डब्याची वेळ झाली होती. पण बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला माणसाला जरा निराळा जोर लागतो, आणि मी अजून चौथी सुरू करणार होतो. मुकादम डोक्याला हात लावून म्हणाला, "चला रे, हे सातवीपर्यंत शिकलेले आहेत."

तुझी रोपं ते फाटकाबाहेर उतरवून गेले. ती मी सावलीला ठेवलीत आणि पाणी घालतोय, त्यांचा काय दोष? नर्सबाईंच्या दवाखान्याच्या आवारात त्यांना जागा आहे, नळ आहे आणि सावलीची गरज असलेली माणसं आहेत. नर्सबाई तयार आहेत. तुझा नकाशा तिथं अगदी ओट्यासकट बसेल. पाटीवर आईचं नाव घाल, माझी हरकत नाही. तिची असती, पण तिला मी समजावलं असतं.

त्या संध्याकाळी मामा आले. म्हणाले, "दाजी, पोरीचं मन मोडू नका. ताई गेली, आता शेवाळावर कसला जीव लावून बसलात?" मी म्हटलं, तुमच्या ताईनं तुमच्याआधी जमिनीकडे पाहिलं ते तुम्हाला अजून डाचतंय. ते चहा न घेता उठले. फाटकापाशी जाऊन त्यांनी तुला फोन लावला, आणि हळू आवाजात म्हणाले, "दाजींना एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल." भिंगरी, मला दिसतं कमी, ऐकू फार छान येतं. तू पलीकडून काय म्हणालीस ते मात्र ऐकू आलं नाही. तेवढं बरं झालं.

म्हणून काल मी स्वतःच जाऊन आलो. डॉक्टर तरुण आहेत, गोड आहेत. तारीख विचारली, वार विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग म्हणाले, एखादा शब्द उलटा म्हणून दाखवा. मी त्यांना अख्खं कडवं उलटं म्हणून दाखवलं, दुसरं सुरू केलं तेव्हा त्यांनी हात जोडले. बाप शुद्धीवर आहे असं त्यांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय. आणि तो कागद खिशात घालून मी तिथूनच नोंदणी कचेरीत गेलो.

ही जमीन मी दिली. तुझी आई जिथं काम करायची त्या संशोधन केंद्राला, बक्षीसपत्र करून, अशा अटीवर की तिथं नांगर, फावडं आणि स्मारक यांतलं काहीही लागणार नाही. घर तुझं आहे, मागचं दार उघडलं की पुढचं तुझं नाही. तुझ्या वाट्याचं मी तुला न विचारता देऊन टाकलं, आणि हे मामांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून एवढं लिहिलं. परवानगी मागत नाही, कळवतोय. माझ्यामागे तू ही जमीन राखली असतीसही कदाचित. पण 'कदाचित'वर मी तिला सोडणार नव्हतो, कारण इतकी वर्षं दाबलेला तुझा आईवरचा राग मी नांगराच्या त्या एका तासात उलटलेला पाहिला, आणि तो राग नकाशात किती प्रेमानं रंगवला होतास तेही पाहिलं. आता तो राग माझ्यावर काढ. फोन करून ओरड, सकाळी ओरड, दुपारी मी झोपतो. नाहीतर सरळ ये आणि तोंडावर बोल, मीही गप्प बसणार नाही. माणसाशी भांडलं तर संध्याकाळपर्यंत समेट होतो, फार तर महिना लागतो. जमिनीशी भांडलीस तर तुझं आयुष्य पुरणार नाही, तुझ्या पोरांचंही पुरणार नाही. मी अजून आहे, भिंगरी. मी सापडतोय तोवर माझ्याशी भांडून घे.

तुझाच, हट्टी आणि पूर्ण शुद्धीवर असलेला,
बाबा